तिवराच्या पानावरचं मीठ

अबू धाबीचं जुबैल बेट यास आणि सादियात या दोन बेटांच्या मधे आहे. तिथल्या तिवरांच्या राईतून लाकडी वाट काढली आहे. ओहोटीच्या वेळी पहाटे गेलं, की चिखलातून वर आलेली बोट-बोटभर श्वसनमुळं उघडी पडलेली असतात आणि कठड्याशी झुकलेलं पान न तोडता भिंगाखाली धरता येतं. पानावर बारीक थेंब दिसतात. ते दव नव्हे, जिभेला लावलं तर कडक खारट लागतं. ऊन चढलं की थेंब आटतात, मिठाचे कण चमकू लागतात आणि बोटाला खरखर लागते.

कोकणातल्या खाड्यांत असतं तेच हे झाड, ॲव्हिसेनिया मरिना. इथल्या समुद्रात मात्र लिटरमागे 40 ग्रॅमहून जास्त मीठ आहे. जगाची सरासरी 35.

बहुतेक मीठ मुळाशीच अडतं. पेशीपटलातून पाणी आत शिरतं ते मुख्यतः ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या नळ्यांतून. नळी इतकी अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागे एक जातात. पाण्याचं वेष्टण पांघरलेला सोडियमचा आयन तीत मावत नाही. मुळांतल्या मेणचट थरामुळे पेशींना वळसा घालून जाण्याची वाटही बंद असते. अशा नळ्यांचा शोध लावल्याबद्दल पीटर ॲग्री यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण नळी नुसती वाट देते, ओढ लावते ती पानं. पानांतून वाफ उडते तसा खोडातला पाण्याचा स्तंभ ताणला जातो. 1960च्या दशकात शास्त्रज्ञ शोलँडर यांनी खारफुटीत हा ताण 35 ते 60 वातावरणांइतका मोजला. त्यांनी मुळं थंड केली, त्यांना विषही दिलं, तरी गाळण चालूच राहिली. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं: समुद्र गाळायला मुळं स्वतःची ऊर्जा खर्चतच नाहीत. याच किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या तवीला प्रकल्पात दिवसाला 9 लाख घनमीटरहून जास्त पाणी पडद्यांतून गाळण्याची सोय आहे. तिथे मात्र पाणी ढकलणारा दाब विजेच्या पंपांनी द्यावा लागतो.

तरीही थोडं मीठ निसटून पानात येतंच. तिथे पेच वेगळा. कमी खाऱ्या जागेतून जास्त खाऱ्या जागेकडे मीठ ढकलायचं, तर नुसती उघडी नळी कामाची नाही. तिथे वाहक प्रथिनं लागतात. पानावरच्या ग्रंथींतले पंप एटीपी हे पेशीचं इंधन जाळून प्रोटॉन पेशीबाहेर काढतात. ते प्रोटॉन परत आत येताना वाहक प्रथिन फिरत्या दारासारखं वागतं: एक प्रोटॉन आत, एक सोडियम बाहेर. ग्रंथीच्या देठाची भिंतही मेणचट असते, म्हणून बाहेर टाकलेलं मीठ झिरपून मागे येत नाही.

2030पर्यंत 10 कोटी खारफुटी लावण्याचा अमिरातीचा संकल्प आहे. त्यात रोपांच्या आकड्याइतकंच लक्ष भरतीच्या वाटांकडे हवं, असं मला ठामपणे वाटतं. मुळं पाणी घेतात आणि मीठ बाहेर ठेवतात, तेव्हा ते मीठ मुळांभोवतीच्या चिखलात साचत जातं. ते धुऊन नेते भरती-ओहोटी. खाडीचं तोंड भरावाने बुजलं, तर चिखलाचा खारटपणा वाढतच जातो आणि शेवटी पानांची ओढही त्याला पुरी पडत नाही.