शिखर गाठलं म्हणजे ‘फ्लो’ होता का?

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. आदिवासी विकास विभागाच्या या मोहिमेचं नाव ‘मिशन शौर्य’. मोहिमेच्या चमूत १० विद्यार्थी होते. आता मला सांगा, त्या पाच जणांना ‘फ्लो’ लागला होता आणि उरलेल्या पाच जणांना नव्हता, असं म्हणता येईल का?

नाही. संशोधनाला बसण्याआधी हे ‘नाही’ नीट समजून घ्या.

फ्लो ही कल्पना मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाची. १९७५ च्या पुस्तकात त्याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद यांचे अनुभव तपासले. कामात माणूस पूर्ण बुडालेला असतो, वेळेचं भान राहत नाही, ‘मी कसा दिसतोय’ हा विचार गळून पडतो. असं कधी होतं? उद्दिष्ट स्पष्ट असतं, जमतंय की नाही ते लगेच कळतं, आणि आव्हान कौशल्याच्या तोडीचं असतं तेव्हा. आव्हान फार मोठं झालं की धास्ती वाटते, फार लहान असलं की कंटाळा येतो. कडा चढताना पुढची पकड हेच उद्दिष्ट, आणि ती टिकली की निसटली हे तिथल्या तिथे कळतं.

पण फ्लो हा अनुभव आहे आणि शिखर हा निकाल. एव्हरेस्टवर निकाल हवामान, प्रकृती आणि प्राणवायूवरही ठरतो. फक्त यशस्वी झालेल्यांना विचारलंत, तर परत फिरलेल्यांचा अनुभव तुमच्या अभ्यासात येणारच नाही. शिवाय यश मिळाल्यावर आठवणही गोड होते.

आता समजा, तुम्हाला अहेरीत अभ्यास करायचा आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर धावणारी मुलं घ्या. कामगिरी स्टॉपवॉच सांगेल. अनुभव मात्र त्यांनाच विचारावा लागेल, आणि तो कधी विचारता यावर बरंच अवलंबून आहे. धाव संपल्याबरोबर, पण वेळ सांगण्याआधी विचारा. आधी वेळ कळली तर उत्तराला तिचा रंग चढतो. एकाच मुलाच्या अनेक दिवसांच्या नोंदी घ्या, म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच करता येईल.

दुसरी अडचण शब्दांची. ‘तुमची तंद्री लागली होती का?’ असं विचारलंत, तर कुणाला एकाग्रता वाटेल, कुणाला डुलकी. अहेरीत मराठीबरोबर तेलुगू आणि गोंडी-माडियाही बोलतात. म्हणून प्रश्नावली नुसती भाषांतरित करून भागत नाही. ‘धावताना दुसरे विचार येत होते का?’ असे साधे प्रश्न करा, दुसऱ्या कुणाकडून ते उलट मराठीत आणवून घ्या आणि अर्थ टिकला का ते पाहा.

एवढं करून फ्लो आणि वेळ यांचा संबंध सापडला, तरी निष्कर्षाची घाई नको. फ्लोमुळे मुलगा वेगात धावला असेल. किंवा पाय आज छान उचलले जात होते, म्हणून फ्लो लागला असेल. कशामुळे काय झालं, हे नुसत्या सहसंबंधावरून ठरत नाही.

मग त्यासाठी काय बदलून पाहाल? आव्हान बदला. कधी नेहमीपेक्षा सोपं लक्ष्य द्या, कधी तोडीचं, कधी अवघड, आणि कुणाला कोणत्या दिवशी कोणतं ते चिठ्ठी टाकून ठरवा. तुमच्या प्रस्तावातलं पहिलं पान इथून सुरू होऊ शकतं.