फोर्थमधला बिघाड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती ‘एक्सओ’ हे छोटे लॅपटॉप आले. त्यांत लिनक्सच्या आधी सुरू व्हायचं ते ओपन फर्मवेअर. तो फोर्थ भाषेवर उभा असलेला प्रोग्राम. एवढ्या पायाभूत जागी वापरल्या जाणाऱ्या या भाषेबद्दल तीन समज मात्र पक्के बसले आहेत.

गैरसमज : फोर्थमध्ये संरक्षण नाही, म्हणून एका चुकीने सगळं कोसळतं. वस्तुस्थिती अशी, की लिनक्सवरच्या जीफोर्थ या फोर्थच्या आवृत्तीत स्मृतीतला चुकीचा पत्ता वाचला तर कर्नलचा सिग्नल जीफोर्थ स्वतः पकडतो आणि त्याचं ‘थ्रो’मध्ये, म्हणजे चूक वर कळवणाऱ्या शब्दात, रूपांतर करतो. फोर्थच्या १९९४ च्या मानकात त्यासाठी क्रमांक ठरलेले आहेत : चुकीच्या पत्त्याला उणे ९, शून्याने भागण्याला उणे १०, वापरकर्त्याने मध्येच थांबवण्याला उणे २८. वाटेत ती चूक झेलणारा ‘कॅच’ असेल तर नियंत्रण तिथे पोचतं; नसेल तर संदेश छापून प्रॉम्प्ट परत येतो, आणि तोवर लिहिलेले शब्द, म्हणजे फोर्थमधले छोटे प्रोग्राम, शब्दकोशात शाबूत असतात.

गैरसमज : ‘कॅच’ लावला की सगळं पूर्ववत होतं. ‘कॅच’ स्टॅकची, म्हणजे आकडे एकावर एक रचून ठेवायच्या जागेची, फक्त खोली परत आणतो, त्यावरची मूल्यं नाही. दोन आकडे होते तिथे दोन जागा मिळतील, त्यांच्या वर घडलेल्या चुकीचा क्रमांक. पण त्या जागांत आता काय आहे याची हमी नाही. अर्धवट बदललेलं व्हेरिएबल तसंच राहतं, उघडी फाइल उघडीच राहते. ही आवराआवर प्रोग्रामरनेच लिहायची असते.

गैरसमज : रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्ट, त्यात प्रकार कसले? ‘अबॉर्ट’ स्टॅक रिकामे करून प्रॉम्प्टवर आणतो, शब्दकोशाला हात लावत नाही. फिग-फोर्थ या जुन्या आवृत्तीतला ‘कोल्ड’ मात्र आपण लिहिलेले शब्द पुसून मूळ स्थितीवर नेतो. मग प्रत्येक सिग्नलनंतर ‘कोल्ड’च का करू नये, असा आक्षेप येतो. स्मृती बिघडल्याची शंका असेल तिथे तो रास्तच आहे : चुकीच्या पत्त्यावर लिहिणारा कोड सिग्नल येण्याआधीच शब्दकोश खराब करून बसलेला असू शकतो. पण शून्याने भागण्यासारख्या चुकीत तसं काही घडलेलं नसतं, आणि तिथे सगळं पुसलं तर चूक शोधायला लागणारा पुरावाच जातो. म्हणून सिग्नल पकडता येतो एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या चुकीनंतर कुठे परतायचं, हे प्रोग्राम लिहितानाच ठरवायला हवं.