तीव्र अधिहर्षता व शाळेतील प्रथमोपचार

आवारातील झाडावरचे मोहोळ उठणे, मुलास गांधीलमाशी डसणे, शेंगदाणे वा अंडे खाल्ल्यावर एखाद्याचे ओठ सुजणे, हे प्रसंग खेड्यातील शिक्षकांस नवे नाहीत. बहुतेक वेळा दुखणे त्या जागेपुरतेच राहते व काही काळाने उतरते. क्वचित मात्र तोच दंश किंवा तोच घास काही मिनिटांत प्राणावर बेततो. हा भेद वेळीच ओळखता येणे, हे प्रथमोपचार-प्रशिक्षणाचे पहिले प्रयोजन होय.

अन्न, औषध किंवा दंशातील विष यांविरुद्ध शरीराची संरक्षक यंत्रणा अवाजवी प्रतिक्रिया करते, तिला अधिहर्षता म्हणजेच ॲलर्जी म्हणतात. ती तीव्र झाली की रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो, घसा सुजतो व श्वासनलिका आकुंचन पावतात. या अवस्थेस ॲनाफिलॅक्सिस हे नाव शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या शास्त्रज्ञांनी १९०२ साली दिले. या कार्याबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

केवळ दंशाच्या जागी सूज असेल तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु सर्वांगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे, छातीत घरघर होणे, वारंवार उलटी होणे, चक्कर येऊन मूल निस्तेज पडणे, यांपैकी लक्षणे एकत्र दिसू लागली तर धोका आहे असे समजावे. कित्येकदा अंगावर गांधी न उठताही श्वास कोंडतो अथवा मूल कोसळते, हेही ध्यानात ठेवावे.

अशा वेळी पुढील क्रम पाळावा :

१. माश्या उठल्या असल्यास सर्व मुलांस प्रथम वर्गात नेऊन दारे-खिडक्या लावाव्यात. मधमाशीचा काटा त्वचेत रुतून राहतो, तो नखाने तत्काळ खरवडून काढावा.

२. मुलास उताणे निजवून पाय उंच करावेत. धाप लागली असल्यास पाय लांब करून बसवावे. उलटी होत असल्यास किंवा शुद्ध हरपल्यास डाव्या कुशीवर वळवावे.

३. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व आरोग्य केंद्रास कळवावे.

४. श्वास बंद पडल्यास छातीवर ३० दाब व तोंडाने २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाबांची गती मिनिटास १०० ते १२० असावी.

मुलास उभे करू नये वा चालवू नये. उतरलेल्या रक्तदाबात एकाएकी उभे केल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन मृत्यू ओढवू शकतो. "घरी जाऊन पड" असे सांगून मुलास पाठविणे म्हणूनच घातक होय. वाहन मिळेपर्यंत त्यास बाजेवर निजवूनच न्यावे.

या विकारावर खरे औषध एकच : मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ते जितके लवकर मिळेल तितके चांगले. खाजेवरच्या गोळीने गांधी बसतात, पण कोंडलेला श्वास मोकळा होत नाही. चुना लावणे, लोखंड घासणे यांत मोलाची मिनिटे जातात. इंजेक्शनाने बरे वाटले तरी काही तासांनी लक्षणे उलटू शकतात. म्हणून मुलास वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे.

हे सर्व प्रसंगी सुचावे यासाठी पूर्वतयारी हवी. प्रवेशाच्या वेळी पालकांस विचारून, कोणत्या मुलास काय बाधते याची नोंद ठेवावी व ती आहार शिजविणाऱ्या ताईंसही कळवावी. जवळच्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन आहे किंवा नाही, याची चौकशी सत्राच्या आरंभीच करावी. फोन कोणी करावा, मुलाजवळ कोणी थांबावे, इतर मुलांस कोणी सांभाळावे, हे ठरवून वर्षातून दोनदा सराव करावा. एकशिक्षकी शाळेत वरच्या वर्गातील मुले व शेजारचे ग्रामस्थ यांस या कामी तयार करावे. इंजेक्शन देणे हे वैद्यकाचे काम असले, तरी ते मिळेपर्यंत मूल सांभाळणे शिक्षकांच्याच हाती असते.