वर्गातले पाच मिनिटांचे सादरीकरण
बेला मंडळातील आपली मुले घरी मराठी आणि बाजारात तेलुगू, हिंदी बोलतात. पण वर्गासमोर उभी राहिली की शब्द अडतात. सादरीकरणाच्या सवयीने ही भीती कमी होते. विषय जवळचा घ्यावा: पैनगंगा, कापूस किंवा १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी होऊन आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले ती हकिगत. आधी आजी-आजोबांना विचारावे, मग तारखा पुस्तकातून पडताळाव्यात. आठवण आणि नोंद जुळली नाही तर दोन्ही सांगाव्यात. कागदावर फक्त मुद्दे लिहावेत; पाठांतर नको. एकदा घरी बोलून पाहावे. प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर 'शोधून सांगतो' म्हणावे आणि खरेच शोधावे. जाणत्यांची पिढी सरत आहे. ऐकायची वेळ हीच.