गिर्यारोहण मंडळाचा नवा सभासद

शनिवारी रात्री मुंबईहून कसाऱ्याकडे किंवा कर्जतकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांमध्ये एक निराळ्याच प्रकारचा प्रवासी दृष्टीस पडतो. पाठीवर फुगलेली सॅक, पायांत मातीने माखलेले जाड बूट, खांद्यावर दोराचे वेटोळे आणि बोलण्यात खिंडी, घळी, सुळके यांची नावे. ही माणसे सोमवारी सकाळी कचेरीत, बँकेत, कारखान्यात वा महाविद्यालयात आपापल्या जागी हजर असतात. रविवारचा दिवस मात्र त्यांनी सह्याद्रीला दिलेला असतो. त्या घोळक्यात एखादा चेहरा बुजरा असतो आणि त्याचे बूट कोरे करकरीत असतात. गिर्यारोहण मंडळाचा तो नवा सभासद होय. मंडळ त्याच्याकडून कशाची अपेक्षा करते आणि पहिल्या वर्षात त्याच्या पदरात काय पडते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

डोंगर चढण्यासाठी संस्था कशाला हवी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. सह्याद्रीतील ठाकर, महादेव कोळी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या हे डोंगर तुडवीत आले आहेत. त्यांनी कोणत्याही मंडळाचा अर्ज भरला नव्हता. हे खरे, परंतु त्यांना ते ज्ञान घरातच मिळाले. कोणत्या ओढ्याला पाणी केव्हा येते, कोणता दगड हाताला दगा देतो, ढग कोणत्या अंगाने चढला म्हणजे गुरे खाली आणावयाची, हे त्यांनी बापाच्या मागे चालता चालता शिकून घेतले. शहरात वाढलेल्या माणसाला असा बाप डोंगरात नसतो. त्याची उणीव मंडळ भरून काढते.

अशा संस्थांचा इतिहास फार जुना नाही. लंडनची अल्पाइन क्लब ही या प्रकारची पहिली संस्था १८५७ साली स्थापन झाली. भारतात १९२८ साली हिमालयन क्लब निघाली. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि भारतीय तरुणांना डोंगरांची नवी ओढ लागली. पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच १९५४ साली मुंबईत ‘गिरिविहार’ या संस्थेचा जन्म झाला. १९६५ साली उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग उभी राहिली. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची स्थापना १९८२ सालची, रविवारच्या भटकंतीपासून वाढत गेलेल्या या मंडळाचे गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. आज महाराष्ट्राच्या बहुतेक मोठ्या गावांत एखादे तरी असे मंडळ आढळते. त्यांतील बहुतेकांचा कारभार पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, पदरमोड करून चालतो.

प्रवेशाचा विधी साधा असतो. एक अर्ज, थोडी वर्गणी, डॉक्टरांचा दाखला. अर्जात रक्तगट लिहावयाचा असतो. दम्याचा, फिटचा वा हृदयाचा काही विकार असल्यास तो लिहावयाचा असतो. आणि घरच्या माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक द्यावयाचा असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. हे रकाने भरताना नव्या उमेदवाराला हसू येते. ‘फिरायला जायचे तर रक्तगट कशाला?’ असे तो विचारतो. परंतु या अर्जातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच असतो. ज्याने आपला दमा लपविला, त्याने आपल्याबरोबर इतर दहाजणांना संकटात घातले. कारण कड्यावर एक माणूस आजारी पडला तर दहाजणांची वाट थांबते.

पहिली वाटचाल मुद्दाम सोपी निवडतात. कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट उंच. बारी गावाहून निघणारी तेथील वाट मळलेली असून अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. अशा ठिकाणी नव्या सभासदाला पहिला धडा मिळतो, तो चालण्याचा. आपल्याला चालता येते अशी त्याची समजूत असते. तो पहिल्या अर्ध्या तासात सर्वांच्या पुढे धावतो आणि दुसऱ्या तासात दगडावर बसून धापा टाकतो. जुने सभासद एका लयीत, बोलता येईल इतक्याच वेगाने चढत असतात. सर्वांच्या पुढे वाट जाणणारा एक अनुभवी माणूस असतो आणि सर्वांच्या मागे तितकाच अनुभवी दुसरा. मागच्याच्या पाठीमागे कोणी राहावयाचे नाही आणि पुढच्याच्या पुढे कोणी जावयाचे नाही, हा नियम. तुकडीचा वेग ठरतो तो सर्वांत सावकाश चालणाऱ्यावरून. शाळेत, परीक्षेत, नोकरीत सर्वत्र पहिल्याचे कौतुक पाहिलेल्या तरुणाला हे गणित उलटे वाटते. पण डोंगरात तेच बरोबर ठरते.

सामानाचाही एक धडा असतो. बूट नवे असू नयेत. ते आठ-पंधरा दिवस घरी घालून पायांना सवय करावी. पाणी निदान तीन लिटर जवळ असावे. उन्हाळ्यात त्याहून अधिक. सह्याद्रीचा काळा कातळ मार्च महिन्यापासून असा तापतो की, दुपारी त्यावर हात ठेववत नाही आणि ऊन लागून माणूस आडवा होतो. प्रत्येकाजवळ विजेरी आणि शिट्टी हवी. शिट्टीची एक सांकेतिक भाषा जगभर मान्य आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा वेळा, म्हणजे ‘संकटात आहोत’. मिनिटाला तीन शिट्ट्या, म्हणजे ‘ऐकले’. मोबाइल दूरध्वनी डोंगराच्या घळीत पुष्कळदा मुका होतो. शिट्टी मुकी होत नाही. सुगंधी तेल किंवा अत्तर मात्र घरी ठेवावे. कड्यांच्या पोटाला लोंबणारी आग्या मोहोळे उग्र वासाने आणि धुराने खवळतात, आणि त्यांच्या दंशांनी माणसे दगावतात. म्हणून मोहोळाच्या आसपास विडी-सिगारेट, शेकोटी आणि आरडाओरडा यांना पूर्ण मनाई असते.

काही महिन्यांनी, पावसाळा ओसरून कातळ कोरडा झाल्यावर, नव्या सभासदाला मुंब्र्याच्या किंवा अशाच एखाद्या जवळच्या कड्यावर सरावासाठी नेतात. तो मोठ्या उत्साहाने येतो, कारण आज त्याला कडा चढावयाचा असतो. परंतु दिवसाचे पहिले काही तास त्याला केवळ गाठी मारावयास लावतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ तो पंचवीस वेळा मारतो आणि पंचवीस वेळा सोडतो. मग डोळे मिटून मारतो. दोरावर पाय दिला तर जुना सभासद त्याला कडक शब्दांत बजावतो. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हल्लीचा नायलॉनचा दोर आत तंतूंचा गाभा आणि वर विणलेले आवरण असा दुपदरी असतो. बुटाखालचे वाळूचे कण आवरणातून आत शिरतात आणि गाभ्याचे तंतू आतल्या आत कापीत राहतात. वरून दोर धडधाकट दिसतो. दगा देतो तो नेमक्या वेळी.

दोराचेही दोन प्रकार. एक ताणला जाणारा, दुसरा फारसा न ताणणारा. चढणारा पडला तर पहिला दोर थोडा लांबतो आणि हिसका स्वतः सोसतो. त्यामुळे पडणाऱ्याच्या कमरेला जीवघेणा झटका बसत नाही. दुसरा दोर कड्यावरून खाली उतरण्यासाठी उपयोगी. या दोहोंची अदलाबदल केली तर चढणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

त्यानंतरही त्याला चढावयास मिळत नाही. त्याला कड्याच्या पायथ्याशी उभे करून दुसऱ्याचा दोर धरावयास देतात. यालाच ‘बिले’ म्हणतात. वर चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पट्ट्यावरील एका लहानशा धातूच्या साधनातून जातो. चढणारा वर सरकला की दोर द्यावयाचा, पण गरजेपेक्षा वीतभरही ढिला ठेवावयाचा नाही. तो घसरला तर हाताच्या एका झटक्याने दोर साधनात अडकतो आणि पडणारा तेथेच लोंबकळत राहतो. हे काम करणाऱ्याने बोलावयाचे नाही, इकडेतिकडे पाहावयाचे नाही, घाम पुसण्यासाठीही दोरावरचा खालचा हात काढावयाचा नाही. वर चढणाऱ्याला टाळ्या मिळतात. खाली उभ्या असलेल्याकडे कोणी पाहतही नाही. तथापि त्या वीस मिनिटांत एका माणसाचा जीव अक्षरशः त्याच्या मुठीत असतो. ज्याच्याशी आठ दिवसांपूर्वी ओळखही नव्हती, असा माणूस निश्चिंत मनाने त्याच्या भरवशावर कातळाला भिडलेला असतो. हे ज्याला त्या क्षणी उमगले, तो मंडळाचा खरा सभासद झाला. वर्गणीची पावती त्याआधीच मिळालेली असते, ती गोष्ट वेगळी.

दुसरा मोठा धडा परत फिरण्याचा आहे, आणि तो दोर धरण्याहूनही कठीण. पहाटे तीनला उठून, चार तास चालून, माथा समोर दिसत असताना लीडर सांगतो, ‘ओढ्याचे पाणी वाढते आहे, येथून मागे फिरायचे.’ नवा सभासद मनातून खट्टू होतो. त्याला वाटते, एवढे भ्यावे कशासाठी? अशा वेळी जुने लोक एव्हरेस्टची गोष्ट सांगतात. २८ मे १९५२ रोजी स्विस गिर्यारोहक लँबर्ट आणि तेनसिंग माथ्यापासून उंचीने केवळ अडीचशे मीटर अंतरावर होते. शक्ती संपत आली होती, प्राणवायूची साधने नीट चालत नव्हती. ते परत फिरले. पुढच्या वर्षी, २६ मे १९५३ रोजी, ब्रिटिश मोहिमेतील बूर्दियाँ आणि एव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत पोहोचले. मुख्य माथा तेथून उंचीने शंभर मीटरही उरला नव्हता. तेही परत फिरले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग यांनी माथा गाठला, तेव्हा तेनसिंगच्या गळ्यात लँबर्टने दिलेला तांबडा रुमाल होता. आदल्या वर्षी तेनसिंग हट्टाने पुढे गेला असता, तर हा दिवस त्याला दिसला असता की नाही, कोण जाणे. डोंगर कोठे जात नाही, असे सह्याद्रीत फिरणारे लोक म्हणतात, ते याच अर्थाने.

या दोन धड्यांची किंमत पावसाळ्यात फार ठळकपणे दिसते. अलीकडे शनिवार-रविवारी गडकिल्ल्यांवर माणसांची जत्रा लोटते. कोणी छायाचित्र पाहून, कोणी पैसे भरून एखाद्या अनोळखी आयोजकाबरोबर आलेला असतो. वाट निसरडी, धुके दाट, पुढचा कोठे आणि मागचा कोठे याचा मेळ नाही. मग पाय घसरतो, धबधब्याखाली पाणी वाढते, रात्री वाट चुकते. अशा वेळी धावून जातात ती पायथ्याच्या गावची माणसे आणि हीच मंडळे. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर व झोळी घेऊन दरीत उतरतात, कधी जिवंत माणूस वर आणतात, कधी केवळ देह. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांवर नोंदणीचे व सुरक्षिततेचे बंधन घातले, हे योग्यच झाले. परंतु कोणताही नियम घसरत्या माणसाचा हात धरीत नाही. तो हात शिकलेल्या सोबत्याचाच असावा लागतो.

मंडळात आणखी एक शिस्त अंगी बाणते, ती पाहुण्याची. डोंगर हे कोणाचे तरी घर आहे. गडावरील कोरीव टाक्यांचे पाणी गावकरी आणि गुरे पितात. त्यात पाय धुवावयाचे नाहीत. नेलेला कागदाचा कपटाही परत आणावयाचा. तटाच्या दगडावर नाव कोरावयाचे नाही. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. पण जे शेकडो किल्ले त्या यादीत नाहीत, त्यांचे दगडही तितकेच जुने आहेत. गावातील वाटाड्याला त्याची मजुरी आणि त्याच्या ज्ञानाला मान, दोन्ही द्यावयाचे असतात.

हे सारे शिकण्यासाठी मुंबई-पुण्यातच राहिले पाहिजे असे नाही. बेळगावकरांना चंदगड तालुक्यातील पारगड जवळ आहे. गोव्यातील तरुणांना सत्तरीचे डोंगर आहेत. हैदराबादजवळ भोनगीरची एकसंध शिळा उभी आहे, आणि तेथील प्रस्तरारोहण शाळेत शिकलेली मालावत पूर्णा २०१४ साली अवघ्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली. बडोद्याहून पावागड एका दिवसात होतो. अधिक शिकू इच्छिणाऱ्यांसाठी अबूच्या पहाडावर गुजरात शासनाची प्रशिक्षण संस्था आहे. इंदूरकरांना विंध्याद्रीतील जानापाव आहे. ज्याला हिमालयाची ओढ लागेल, त्याच्यासाठी दार्जिलिंग आणि उत्तरकाशी येथील सुमारे चार आठवड्यांचे प्राथमिक शिक्षणक्रम आहेत.

घरच्यांची काळजी मात्र उरतेच, आणि ती रास्त आहे. डोंगरात धोका नाही असे कोणत्याही मंडळाने सांगू नये. जे सांगते, त्याच्यापासून दूर राहावे. आईवडिलांनी मुलाला अडविण्याऐवजी मंडळाला चार प्रश्न विचारावेत. पुढे कोण आणि मागे कोण चालणार? दोर शेवटचा केव्हा तपासला? कोणी जखमी झाल्यास काय करणार? आणि आजवर तुम्ही किती वेळा माथा न गाठता परत फिरलात? शेवटच्या प्रश्नाला जे मंडळ अभिमानाने उत्तर देईल, त्याच्या हाती मूल सोपवावयास हरकत नाही.

वर्ष उलटते. कोरे बूट झिजलेले असतात. एका शनिवारी फलाटावर लीडर यादी वाचतो आणि म्हणतो, ‘उद्या शेवटी तू चालायचे.’ सर्वांच्या मागे चालण्याची ही जबाबदारी म्हणजे मंडळाने दिलेली पहिली पदवी होय. तेव्हा त्याचे लक्ष घोळक्यातील एका बुजऱ्या चेहऱ्याकडे आणि त्याच्या करकरीत नव्या बुटांकडे जाते. आणि आपला वेग उद्या कोणाच्या पावलांवरून ठरणार, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.