पाणबुड्याचा दाखला

कामगाराला यंत्र चालवता येते की नाही हे कोणी ठरवावे, हा आम्हा चळवळीतल्या माणसांचा जुना प्रश्न आहे. तोच आज हौशी पाणबुड्यांच्या बाबतीत विचारावयाचा आहे.

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याचे शिक्षण देणारी 'पॅडी' ही संस्था १९६६ साली अमेरिकेत निघाली. तिचा पहिला वर्ग बहुधा तीन-चार दिवसांत पुरा होतो. २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार बुड्या. एवढ्यावर १८ मीटर खोल जाण्याचा दाखला मिळतो. तो जन्मभर चालतो.

अभ्यासक्रम मुळात वाईट नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे घेतलेला श्वास कोंडून वर आले, तर हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीही रोखू नये, हा धडा आरंभीच देतात. परंतु भेदरलेल्या माणसाला धडा आठवत नाही. सवय कामी येते, आणि सवय चार बुड्यांत लागत नाही.

खरा दोष पुढेच आहे. शिकवणारा तोच परीक्षक, आणि दर दाखल्यामागे संस्थेला पैसा! आपल्याकडे बॉयलर चालवणाऱ्याची परीक्षा मालक घेत नाही, सरकारी परीक्षक मंडळ घेते. पाणबुड्यालाही असाच तिऱ्हाईत परीक्षक हवा.

आता आपल्या तारकर्लीलाही ही विद्या शिकवतात. शिकणाऱ्यांनी दाखला ही सुरुवात मानावी आणि जाणत्याची सोबत सोडू नये.