दिवा हिरवा, तरी नेट बंद

केंद्राने २०११ साली मंजूर केलेली ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना पुढे ‘भारतनेट’ झाली. बीडच्या अकराही तालुक्यांत आता फायबर, राउटर हे शब्द नवे नाहीत. पण केबल आली म्हणजे नेट आले असे नव्हे. राउटरवर ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा, ‘लॉस’चा लाल पेटलेला नाही, तरी सातबारा उघडत नाही. अशा वेळी केबल हलवत बसू नये. फायबर शाबूत आहे. घोळ बहुधा राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, सेटिंगमध्ये असतो.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. हा पत्ता कंपनीनुसार बदलतो, राउटरच्या तळाला छापलेला असतो. वॅनमध्ये ‘पीपीपीओई’ निवडलेले असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक सेवा देणाऱ्याने दिला तोच हवा; शेजारच्या दुकानातला चालेलच असे नाही. काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात? मग एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, पाहा. इथरनेटच्या १५०० बाइटांपैकी ८ पीपीपीओई खातो, म्हणून तो आकडा १४९२.

आणि रिसेटच्या छिद्रात टोचायची ती पिन! टोचून रिसेट केले की हे सगळे पुसले जाते. आधी सेटिंगचा फोटो काढा.

दुसरा राउटर जोडताना दोघांचा पत्ता एकच ठेवू नका. पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या, त्याचे डीएचसीपी (पत्ते वाटण्याचे काम) बंद करा आणि पहिल्याकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा.